सह्यांचा कागद दारात आलाय

प्रश्न : ताई, आम्ही नेरूळला सिडकोच्या जुन्या सोसायटीत राहतो. समोरच्या फ्लॅटमध्ये नुकतीच एक तृतीयपंथी भाडेकरू आली आहे. बाई म्हणूनच राहते, महापेच्या एका कंपनीत नाईट शिफ्ट करते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण 'रात्री-अपरात्री ये-जा असते, आपल्याकडे मुलंबाळं आहेत' म्हणत सेक्रेटरी सह्या गोळा करतायत, मालकाने घर खाली करून घ्यावं म्हणून. आमच्याच विंगमधली दोन मुलंही नाईट शिफ्टला जातात, त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. सासूबाईंनी सही केली. मला हे पटत नाही. पण खरं सांगते, ती लिफ्टमध्ये आली की मलाही धस्स होतं. परवा माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने तिच्यासमोरच विचारलं, 'आई, हे काका की काकू?' मी तिला दटावून गप्प केलं. मी वाईट आहे का? सही करू की नको?

उत्तर : सही करू नका. हे आधीच सांगते, कारण सेक्रेटरी कागद घेऊन दारात उभे राहिले की विचार करायला सवड मिळत नाही आणि भिडेपोटी सही होऊन जाते.

आता तुमच्या धस्स होण्याबद्दल. तुम्ही वाईट नाही. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या सुमारास ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांचे अगदी फालतू कारणावरून दोन गट पाडले होते. पडद्यावरचे ठिपके कुणी जास्त मोजले, कुणी कमी, एवढंच. आपल्या गटात नेमकं कोण आहे हे मुलांना माहीतही नव्हतं. तरी पैसे वाटायची वेळ आली तेव्हा बहुतेकांनी माप आपल्या गटाकडेच झुकवलं. आपलं-परकं करायला मनाला इतकं कमी पुरतं. तुमच्याकडे तर आयुष्यभराच्या आठवणी आहेत. तृतीयपंथी माणसं तुम्हाला आजवर कुठे भेटली? हार्बर लोकलच्या डब्यात, सिग्नलला, नाहीतर कुणाच्या बारशाला. दर वेळी समोरचा हात पसरलेला आणि तुम्ही पर्स चाचपणाऱ्या किंवा नजर चुकवणाऱ्या. बँकेच्या काउंटरपलीकडे किंवा शाळेच्या पालकसभेत शेजारच्या बाकावर अशी भेट झालीच नसेल.

तो अनुभव खोटा नाही, पण तो तसा का आला तेही पाहा. ज्याला घर कुणी देत नाही त्याची नोकरी टिकत नाही, आणि नोकरी गेली की सिग्नल उरतो. या बाईंनी नोकरी मिळवली, घर मिळवलं, आणि तुमची सोसायटी त्यांना तिथून उठवायला निघाली आहे. मला याचा मनापासून राग येतो. रात्रीच्या ये-जाचं कारण खरं असतं तर त्या दोन मुलांसाठीही कागद फिरला असता. हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. मीटिंगमध्येही याच शब्दांत विचारा.

सोबत कायदाही ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये तृतीयपंथीयांचे मूलभूत हक्क मान्य केले. २०१९ च्या कायद्याने त्यांना भाड्याने घर देताना किंवा राहू देताना भेदभाव करायला मनाई केली, आणि राहत्या जागेतून निघून जायला भाग पाडणं हा गुन्हा ठरवला. शिक्षा सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत. शिवाय सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे त्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागत नाही. मालकाने कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची. सेक्रेटरींना हे शांतपणे, शक्यतो लेखी सांगा. सासूबाईंशी मात्र कायद्यावरून वाद घालू नका. चारचौघींनी केली म्हणून त्यांनीही सही केली असणार. 'अर्जावरून गुन्हा होऊ शकतो' एवढं कळलं तरी त्या नाव काढून घ्यायला तयार होतील.

भीती कशी जाईल? नुसतं शेजारी राहून जात नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलं होतं की पूर्वग्रह ओसरायला नुसती गाठभेट पुरत नाही; दोघं बरोबरीच्या नात्याने भेटावी लागतात, एखादं काम मिळून करावं लागतं. म्हणून पहिल्याच दिवशी डबा भरून नेऊ नका. त्यात पुन्हा तुम्ही देणाऱ्या आणि त्या घेणाऱ्या. उलट त्यांच्याकडेच काही मागा. तुम्ही ऑफिसात असताना कुरिअर घेऊन ठेवाल का, विचारा. फक्त त्यांची झोपायची वेळ आधी विचारून घ्या. रात्रपाळीच्या माणसाला दुपारी बेल वाजवून उठवणं हाही छळच.

लेकीने काही गुन्हा केला नव्हता, तिला उत्तर हवं होतं. तिला सांगा, 'त्या काकू आहेत. काही जणांना जन्मल्यावर मुलगा म्हटलं जातं, पण मोठं होताना कळतं की आपण मुलगी आहोत. त्यांना नाव विचार, मीही विचारते.' नऊ वर्षांच्या मुलीला एवढं कळतं. आणि ते लिफ्टमध्येच, त्यांच्यासमोर घडू द्या, कारण दटावणंही त्यांनी तिथेच ऐकलंय.

आणखी एक, ते आजच करा. घरमालकाला फोन करा. सोसायटीचा अर्ज हातात पडला की बहुतेक मालक झंझट नको म्हणून करार मोडायला निघतात. 'मी समोरच राहते, माझी काही तक्रार नाही, मी सही केलेली नाही,' एवढं त्यांच्या कानावर अर्जाआधी पडायला हवं.