भिशी मार्चला, बुलेट दिवाळीला

बेळगावातल्या अनगोळहून एका सत्तावीस वर्षांच्या वाचकाचं पत्र आलंय. उद्यमबागेत सीएनसी मशीनवर नोकरी, हातात पडणारा पगार ३१,५००. नऊ वर्षं जुनी स्प्लेंडर आहे, चालू आहे. दसऱ्याच्या आदल्या शनिवारी मित्रांबरोबर आंबोलीला गेले, परतताना मित्राची बुलेट चालवली, सोमवारी शोरूम गाठली. तिसऱ्या रेल्वे गेटपासून पिरनवाडीपर्यंत टेस्ट राइड झाली आणि तिथंच कार्ड घासून ५,००० चं बुकिंग. ऑन-रोड, म्हणजे कर-विम्यासकट, २,३६,०००. आता डिलिव्हरी दिवाळीच्या पाडव्याला हवी आहे. त्यांचा बेत असा, की शिल्लक ४६,००० रोख द्यायचे, उरलेले १,८५,००० दोन क्रेडिट कार्डांवर टाकायचे, आणि मार्चच्या दहा तारखेला गल्लीतली एक लाखाची भिशी उचलली की कार्ड फेडायचं. ‘पैसे येतात की, खरं एकदम येत नाहीत. कार्ड त्यासाठीच असतंय न्हवं?’ असा त्यांचा सवाल आहे. (बेळगावबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’.)

तुमचं पत्र मला आवडलं, कारण त्यात काही लपवलेलं नाही. सोबत तीन पगाराच्या स्लिपाही जोडल्यात. बुलेट घेऊ नका, असं मी म्हणणार नाही. सत्ताविसाव्या वर्षी चोर्ला घाटातनं गोव्याला जाऊ वाटणं हा काही आजार नाही. माझं भांडण कार्डाशी आहे, आणि त्याहून जास्त तुमच्या मनातल्या ‘पन्नास दिवस फुकट’ या हिशेबाशी.

तुम्ही लिहिता, स्टेटमेंट १८ तारखेला निघतं, भरणा पुढच्या ७ तारखेला. म्हणून १९ ऑक्टोबरला कार्ड घासलं तर ७ डिसेंबरपर्यंत व्याज नाही. बरोबर आहे, पण ७ डिसेंबरला १,८५,००० पूर्ण भरले तरच. पूर्ण नाही भरले, तर बँक व्याज ७ डिसेंबरपासून मोजत नाही, कार्ड घासलं त्या दिवसापासून मोजते. ते फुकटचे पन्नास दिवस मागं जाऊन पुसले जातात. आणि तुम्हाला पूर्ण भरायचेच नाहीत. भिशी येईपर्यंत दर महिन्याला ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बँक मागते ती किमान रक्कम, टाकत जायचं, असं तुम्हीच लिहिलंय.

तर चला, तसंच करून बघू. तुमच्या कार्डाचा व्याजदर महिना ३.६ टक्के धरतो. बहुतेक कार्डांचा साडेतीन ते पावणेचारच्या दरम्यान असतो. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. म्हणजे महिना सव्वाचार टक्के. मिनिमम ड्यू पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सव्वानऊ-साडेनऊ हजार. ७ डिसेंबर, ७ जानेवारी, ७ फेब्रुवारी, ७ मार्च असे चार हप्ते तुम्ही एकही न चुकवता भरलेत, एकूण साडेसदतीस हजारांच्या घरात. १० मार्चला भिशीचे पैसे घेऊन तुम्ही कार्डाचं ॲप उघडता. बाकी किती दिसेल?

ढोबळ मानानं एक लाख पंच्याऐंशी हजार.

छापताना चूक झालेली नाही. जेवढे घेतले होते तेवढेच बाकी. साडेसदतीस हजार गेले ते सगळे व्याजात आणि जीएसटीत. मग भिशीचा लाख टाका, पंच्याऐंशी हजार उरतात, त्यांच्यावर पुन्हा महिना छत्तीसशे रुपये चालू. यात दिवाळीत याच कार्डावर घेतलेले कपडे, भरलेलं पेट्रोल धरलेलं नाही. एकदा बाकी पुढं ढकलली की नव्या खरेदीलाही सवलतीचे दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर चालू होतो.

कुणी म्हणेल, एवढं व्याज कायद्यात बसतं का? राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये वर्षाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला. तेव्हा तिथनं कुणी वाचवायला येईल अशी आशा नको.

मिनिमम ड्यूचा हा धडा मी पुस्तकातनं शिकलेलो नाही. नोकरीला लागल्यावर दुसऱ्या वर्षी गणपतीच्या तोंडावर मोठा टीव्ही घेतला, कार्डावर. चौदा महिने मिनिमम भरत होतो आणि वेळेवर भरतो म्हणून स्वतःची पाठ थोपटत होतो. वेळेवर भरणारा माणूस बँकेला फार आवडतो. पूर्ण भरणारा तितका नाही.

आता तुमचा दुसरा पर्याय: कार्डावरच ईएमआय, म्हणजे ठरलेले मासिक हप्ते, करून घेणं. ॲपमध्ये १६ टक्के, २४ महिने, हप्ता ९,०५८ असं दाखवतंय, त्याचा स्क्रीनशॉट तुम्ही पाठवलाय. मिनिमम ड्यूपेक्षा हे पुष्कळ बरं. पण स्क्रीनशॉटमध्ये नसलेल्या दोन गोष्टी आहेत. हप्त्यातल्या व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि सुरुवातीला प्रोसेसिंग फी. सगळं मिळून दोन वर्षांत चाळीस हजारांच्या आसपास जास्तीचे जातात. तेच १,८५,००० साधं टू-व्हीलर लोन काढून १२ टक्क्यांनी घेतले, तर हप्ता ८,७०९ आणि व्याज चोवीस हजार; कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो. फक्त शोरूममधल्या टेबलावर ‘नऊ टक्के फ्लॅट’ म्हणाले तर मान डोलावू नका. फ्लॅट म्हणजे फेडत आलेल्या रकमेवरही शेवटपर्यंत व्याज. दोन वर्षांचं नऊ टक्के फ्लॅट हे खऱ्या हिशेबात सोळाच्या वर जातं. कार्डावर घासताना शोरूमवाला दोन टक्के वर मागतो का, हेही विचारा. १,८५,००० वर ते ३,७०० होतात.

‘जीएसटी कमी झालाय, आत्ताच घेतली पाहिजे,’ असंही तुम्ही लिहिलंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला हे खरं (हे पुण्याकडचं ‘खरं’). तुमच्या गाडीवर त्यातनं पंधरा हजारांच्या आसपास वाचतात. पण तो काही दिवाळी सेल नव्हे की लक्ष्मीपूजन झालं आणि संपला. सरकारनं सोडलेले पंधरा हजार घाईघाईनं पदरात पाडून घ्यायचे आणि त्या घाईपायी बँकेला चाळीस हजार द्यायचे, हा कुठला व्यवहार?

आता मला खरी काळजी ज्याची वाटते ते सांगतो. तुमच्या तीन स्लिपांपैकी ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या स्लिपांवर ओव्हरटाइम सात हजारांच्या वर आहे. जूनच्या स्लिपवर तो आहे ९६० रुपये. तुम्ही मात्र पत्रात पगार ३१,५०० असा एकच आकडा लिहिलात. तो पगार नाही, तो चांगला महिना आहे. तुमचा पगार साडेचोवीस-पंचवीस हजार, बाकी कंपनीला ऑर्डर असेल तर. उद्यमबागेत आणि मच्छ्यात फाउंड्री, मशीनशॉपवर जगणाऱ्या घरांना हे मी सांगायला नको. गाड्यांच्या कंपन्यांनी पुण्यात शिंक दिली की इथली तिसरी पाळी बंद होते.

तुमचाच खर्च घ्या. घरी १२,०००, भिशीला ५,०००, पेट्रोल-रिचार्ज-चहापाणी ५,५००. चांगल्या महिन्यात ९,००० उरतात. जूनसारख्या महिन्यात दोन-अडीच हजार. कार्डाचा हप्ता जीएसटी धरून सुरुवातीला साडेनऊ हजारांच्या आसपास बसतो. म्हणजे चांगल्या महिन्यातही तुटतं. त्यात शिल्लक ४६,००० तुम्ही आधीच शोरूमला दिलेले असणार. मग पहिल्या मंदीला काय होतं ते मी बरेचदा बघितलंय: एका कार्डाचा हप्ता दुसऱ्या कार्डानं, नाहीतर आईची पाटली सोसायटीत (पतसंस्थेत) गहाण. शिवाय दोन्ही कार्डांच्या मिळून २,३०,००० च्या मर्यादेत १,८५,००० वापरले म्हणजे ऐंशी टक्के. वापर तीस टक्क्यांच्या वर गेला की सिबिल स्कोअरवर, म्हणजे बँका कर्ज देताना बघतात त्या गुणांवर, दाब यायला लागतो, आणि पुढच्या वर्षी घरावर मजला चढवायला कर्ज काढायचं, हे तुमच्याच पत्रात शेवटच्या ओळीत आहे.

चंदगडच्या मामांच्या पत्त्यावर एमएच-०९ (कोल्हापूर) पासिंग करून दहा-बारा हजार वाचवायचं म्हणता. कर्नाटकात दुचाकीचा आजीवन कर जास्त आहे, म्हणून सीमेवर ही युक्ती जुनीच आहे. पण गाडी बारा महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात ठेवली की मोटार वाहन कायद्यानं इथं नोंदणी बदलावी लागते, म्हणजे एनओसी (ना-हरकत दाखला), इथला कर, तिथल्या कराच्या परताव्यासाठी कोल्हापूरच्या फेऱ्या. तुम्ही रोज अनगोळ-उद्यमबाग करणार. केए-२२च घ्या.

मग करायचं काय? डिलिव्हरी गुढीपाडव्यावर ढकला. साडेतीन मुहूर्तांतला दिवाळीचा पाडवा तसाही अर्धाच, गुढीपाडवा पूर्ण. आजपासून मार्चपर्यंत दर महिन्याला ८,००० वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका, जणू बुलेटचा हप्ता सुरूच झालाय. पाच महिन्यांत चाळीस हजार होतात. ओव्हरटाइम नसलेल्या एखाद्या महिन्यात जमलं नाही तर तेही बरं, गाडी दारात नसताना ते कळलेलं स्वस्त पडतं. भिशीचा लाख आणि हे चाळीस मिळून १,४०,०००. बुकिंगचे ५,००० आधीच दिलेले आहेत. उरले ९१,०००. तेवढंच कर्ज १२ टक्क्यांनी दीड वर्षासाठी काढा, बँकेतनं किंवा तुम्ही सभासद आहात त्या सोसायटीतनं. हप्ता ५,५५० च्या आसपास, एकूण व्याज नऊ हजारांच्या आत. ४६,००० ला हात लावायचा नाही. जूनसारखा महिना आला की हप्त्यातली तूट त्यातनं निघेल.

कोटेशनमध्ये गार्ड, सीट कव्हर, वाढीव वॉरंटी असं काय काय घातलंय तेही एकदा बघा. नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०१८ पासून सक्तीचा आहे, तो टळणार नाही. पण विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही, बाहेरचा दर विचारून बघा.

कार्ड फेकून द्या असंही मी म्हणत नाही. विम्याचे आठ-दहा हजार कार्डावर टाकून ७ तारखेला पूर्ण भरा, ऑटो-डेबिट लावताना ‘मिनिमम’ऐवजी ‘टोटल’ निवडलंय ना, तेवढं तपासा. पुष्कळांच्या ॲपमध्ये ते मिनिममवरच राहून गेलेलं असतं आणि त्यांना माहीतही नसतं. कार्डावर तेवढंच टाकायचं, जेवढे पैसे त्या दिवशी खात्यात पडलेले आहेत.

तुमचे मित्र म्हणाले ना, ‘घे की गा, रोज रोज काय वय ऱ्हातंय?’ वय पाच महिन्यांत कुठं जात नाही. आणि मार्चमध्येही बुलेट तितकीच हवीशी वाटली, तर मी स्वतः पेढे मागायला येईन. नाही वाटली तर लाखभर रुपये घरावरच्या मजल्याला लागतील.

या आठवड्यात दोनच कामं करा. बुकिंगची पावती उलटी करून मागच्या अटी वाचा आणि तारीख पुढं ढकलायला किंवा रद्द करायला किती कापतात ते शोरूमला लेखी विचारा. दुसरं काम गल्लीतलं. अख्खा हिशेब भिशीच्या मार्चच्या नंबरावर उभा आहे. तो नंबर वहीत तुमच्या नावापुढं लिहिलाय, की पारावर बसून नुसता तोंडी ठरलाय, ते आज संध्याकाळीच बघून या.