ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी सीएनजी किटची व्हॅक्युमची नळी बघा

कोड पी०१७१ (मिश्रण 'लीन', म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी), सिग्नलला उभं राहिलं की पेट्रोलवर गाडी थरथरते, सीएनजीवर ठीक चालते, आणि वर्कशॉप म्हणतंय ऑक्सिजन सेन्सर बदला. तुमच्या या चार ओळी वाचून राहवलं नाही. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात इथे बडोद्यात माझी गाडी हेच करत होती. सेन्सर मागवला नसेल तर थांबा.

स्कॅनर लावणं, कोड वाचणं तुम्हाला येतंय असं दिसतं, म्हणून त्यात जात नाही. माझी चूक आधी सांगतो, कारण पैसे तिथेच गेले. मी गाडी एका मोठ्या वर्कशॉपला दिली, नाव घेत नाही. त्यांनी कोड वाचला, लगेच पुसला, 'साहेब, सेन्सर गयो छे' म्हणाले आणि मी हो म्हटलं. कोड पुसला की फ्रीझ फ्रेम ही नोंदही जाते. चेक इंजिनचा दिवा लागला त्या क्षणी आरपीएम किती होते, इंजिन किती तापलं होतं, लोड किती होता, हे सगळं तिच्यात नोंदलेलं असतं. ती पाहिली असती तर बिघाड उभ्या गाडीचा आहे की पळत्या गाडीचा, हे त्याच दिवशी कळलं असतं. त्यामुळे कुणालाही स्कॅनर लावू देण्याआधी त्या पानाचा फोटो काढून ठेवा. बॅटरीची वायरही काढू देऊ नका, तिनेही नोंद जाते.

साडेपाच हजारांचा नवा सेन्सर बसला आणि नवव्या दिवशी दिवा परत लागला. लागणारच होता. जुना सेन्सर खरंच सांगत होता की एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन जास्त येतोय. तो का येतोय, हे कुणी बघितलंच नाही. मग त्यांनी फ्युएल पंप बदलायला सांगितला. मी नको म्हटल्यावर उत्तर आलं, 'किट बाहेरचं आहे, आमची जबाबदारी नाही.' किटवाल्याकडे गेलो तर तो म्हणे पेट्रोलचा प्रॉब्लेम कंपनीवाल्यांचा. सव्वा महिना दोघांकडे खेपा घातल्या. बॉनेट उघडून नळ्यांवरून हात फिरवायला पाच मिनिटं लागतात, ती दोघांपैकी एकानेही दिली नाहीत. याचा राग मला अजून येतो.

उलट किटवाल्याने लॅपटॉप लावून गॅस वाढवून दिला. त्याने सीएनजीवर गाडी गुळगुळीत झाली आणि खरा बिघाड झाकला गेला. तुमचीही 'सीएनजीवर ठीक' आहे ना? मध्यंतरी कुणी ट्यूनिंग केलंय का, आठवून बघा.

शेवटी हजाराच्या आतला ब्लूटूथ डोंगल घेऊन मीच आकडे बघितले. इंजिन गरम, एसी बंद, गाडी पेट्रोलवर. आयडलला (उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना) लाँग टर्म ट्रिम, म्हणजे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) कायम किती टक्के पेट्रोल वाढवतोय तो आकडा, +२२, आणि २५०० आरपीएमला धरली की +५. अर्थ सरळ आहे. आयडलला थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असतो आणि मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) ओढ, म्हणजे व्हॅक्युम, जोरात असते, त्यामुळे बारीक भोकातून शिरलेली हवाही एकूण हवेचा मोठा हिस्सा होते. रेस दिली की तीच गळती नगण्य होते. उलट रेस दिल्यावर ट्रिम वाढत गेली, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा एमएएफ (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) हवा कमी मोजतोय. तेव्हा फ्युएल प्रेशर, फिल्टर, एमएएफ बघायचे. हे गणित एमएएफ असलेल्या गाडीचं आहे. नुसत्या एमएपीवर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरवर) चालणाऱ्या गाडीत बाहेरून आलेली हवाही दाबातून मोजली जाते, म्हणून तिथे बरेचदा लीन कोडऐवजी आयडलच चढतो किंवा वर-खाली होतो.

माझी गळती सापडली ती किटच्या नळीत. सिक्वेन्शियल किटला मॅनिफोल्डच्या व्हॅक्युमचा सिग्नल लागतो, म्हणून फिटर एखाद्या नळीत टी (तीन तोंडांचा जोड) जोडतात. त्या टीजवळची रबरी नळी उष्णतेने कडक होऊन खालच्या बाजूने फाटली होती. वरून बघितलं तर धड दिसत होती. मकरपुऱ्याकडच्या एका छोट्या गॅरेजवाल्याने धुराची टेस्ट केली, म्हणजे नळ्यांत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघितलं, आणि दहा मिनिटांत तिथून धूर निघाला. नळी आणि क्लिप मिळून साठ रुपये. ट्रिम +३ वर आली. गॅसच्या नोझलसाठी मॅनिफोल्डला भोकं पाडलेली असतात, तिथेही बघा. तिथली गळती एकाच सिलिंडरला लीन करते, मग सोबत मिसफायरचा कोडही येतो. पीसीव्हीची (इंजिनमधली वाफ परत ओढणारी) नळी, ब्रेक बूस्टरची नळी आणि उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (पेट्रोल टाकीची वाफ इंजिनात सोडणारी झडप) हे नेहमीचे. पावसाळ्यात उंदीरही नळ्या कुरतडतात. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला सेन्सरच्या आधी चीर असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन खोटं लीन दिसतं.

ट्रिम +६, +७ असेल तर घाबरून काही बदलू नका. शुद्ध पेट्रोलला १ भागास हवा १४.७ भाग लागते, ई२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) साधारण १३.५. म्हणजे ईसीयूला पेट्रोल थोडं वाढवावंच लागतं, आणि जुन्या गाडीत ते ट्रिममध्ये दिसतं.

मी मेकॅनिक नाही, एका गाडीचा अनुभव सांगतोय. पण चालू इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, सीएनजी गाडीत तर मुळीच नाही. भडका उडू शकतो. रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून फुस्स आवाज शोधा, नाहीतर धुराची टेस्ट करा. एमएएफ साफ करायचा तर एमएएफ क्लीनरनेच. आणि दुरुस्त होईपर्यंत अहमदाबाद एक्स्प्रेसवेवर गाडी ताणू नका. लोडवरही मिश्रण लीन राहत असेल तर नॉकिंग होतं (इंजिन ठोके मारतं), एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळू शकतात.

किटचा विषय निघालाच आहे, तर गॅसच्या सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) झाली आहे का तेही बघून घ्या.

आयडल आणि २५०० आरपीएम, दोन्हीकडची शॉर्ट (त्या क्षणाची) आणि लाँग ट्रिम, किट किती वर्षांचं आहे आणि गाडीत एमएएफ आहे की नाही, एवढं लिहा. मग पुढचं सांगतो.