वाचक विचारतात : एका आयसीतून सहा आवाज

प्रश्न : मी ५.१ अॅम्प्लिफायर जोडून विकतो. डीकोडर बोर्डावरून डॅक आयसीकडे डेटाच्या तीनच लाइन जातात, बाहेर मात्र सहा चॅनेल निघतात. हे कसं होतं?
– एक वाचक, लातूर

उत्तर : डीकोडर दाबलेला डिजिटल आवाज उलगडून त्याचे आकडे देतो आणि डॅक त्या आकड्यांवरून आवाजाचा व्होल्टेज बनवतो. या दोघांमधल्या एका लाइनवर दोन चॅनेल आळीपाळीनं येतात. लेफ्ट-राइट क्लॉक खाली असताना डाव्या चॅनेलचा आकडा येतो, वर गेला की उजव्याचा. या पद्धतीला आय-टू-एस म्हणतात. ती फिलिप्स कंपनीनं १९८६ साली मांडली. ५.१ बोर्डात सहसा पहिल्या लाइनवर फ्रंट, दुसरीवर सराउंड आणि तिसरीवर सेंटर-सबवूफर अशा जोड्या असतात. आठ चॅनेलच्या काही आयसीत सगळे चॅनेल एकाच लाइनवर ओळीनं येतात, पण मग त्या लाइनला फार जोरात पळावं लागतं. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने घेताना, ३२ बिटांचे आठ आकडे म्हणजे दर नमुन्याला २५६ बिट, म्हणजे १२.२८८ मेगाहर्ट्झचा बिट क्लॉक.

खरी गंमत पुढे आहे. २४ बिटांचा आकडा म्हणजे १,६७,७७,२१६ पायऱ्या. एवढ्या पायऱ्या रेझिस्टन्स जोडून मोजूनमापून बनवणं व्यवहारात जमत नाही. म्हणून आजचे बहुतेक आयसी डेल्टा-सिग्मा पद्धत वापरतात. त्यात आधी डिजिटल फिल्टर नमुन्यांच्या मधल्या जागा भरून त्यांची संख्या वाढवतो. मग मॉड्युलेटर मोजक्याच पायऱ्या वापरतो, पण मूळ नमुन्याच्या ६४ किंवा १२८ पट वेगानं. ठिबकचा व्हॉल्व्ह अर्धा उघडा ठेवण्याऐवजी तो सारखा उघड-बंद केला, तरी हौदात हवं तेवढंच पाणी जमा होतं, तसंच हे आहे. प्रत्येक वेळी राहिलेली चूक पुढच्या वेळच्या हिशोबात धरली जाते. त्यामुळे या चुकांचा गोंगाट ऐकू येणाऱ्या पट्ट्याच्या वर, २० किलोहर्ट्झच्या पलीकडे ढकलला जातो. तो गाळायचं काम आयसीतला आणि बाहेरचा फिल्टर करतो. तुमच्या बोर्डावर ४५५८ किंवा ५५३२ या ऑप-अॅम्प (सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या) आयसीभोवती जे छोटे कंडेन्सर दिसतात, ते यासाठीच. बिनकामाचे समजून ते काढू नका.

सहा चॅनेलला सहा मॉड्युलेटर आणि सहा आउटपुट स्वतंत्र असतात. मास्टर क्लॉक, सप्लाय, रिसेट आणि व्हीकॉम हा मधला व्होल्टेज मात्र सगळ्यांचा एकच. दुरुस्तीला बसताना ही विभागणी डोक्यात ठेवा, निम्मा वेळ वाचतो.

प्रश्न : सेंटर आणि सबवूफर बंद, बाकी चार चॅनेल उत्तम. आयसी बदलू का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : इतक्यात नको. जोडीच बंद आहे, म्हणजे पहिला संशय तिच्या डेटा-लाइनवर. एकच चॅनेल गेला असता तर आउटपुटचा कंडेन्सर, ऑप-अॅम्प किंवा सॉकेट पाहिलं असतं. सहाही गेले असते तर क्लॉक, रिसेट आणि सप्लाय.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. ३.३ व्होल्टच्या बोर्डात धावता क्लॉक सरासरी दीड ते पावणेदोन व्होल्ट दाखवतो. ० किंवा ३.३ वर अडकला असेल तर क्लॉक बंद. डेटा-लाइन गाणं चालू असताना ० वर ठप्प दिसू नये. पण स्टीरिओ गाण्यात सेंटरकडे काहीच जात नाही, तेव्हा ५.१ चा टेस्ट टोन लावूनच मोजा. डीकोडरच्या बाजूला व्होल्ट आहे आणि डॅककडे नाही, असं असेल तर मधला ३३ किंवा ४७ ओहमचा छोटा रेझिस्टन्स पाहा. त्याचं सोल्डर सुटलेलं असू शकतं.

डीकोडर बदलल्यावर हळू आवाजात गाणं ठीक आणि मोठ्या सुराला करकर, अशी तक्रार आली तर डॅकची फॉरमॅट पिन तपासा. आय-टू-एसमध्ये पहिला बिट एक क्लॉक उशिरा येतो. डेटा लेफ्ट-जस्टिफाइड (पहिला बिट लगेच पाठवणारा) आणि डॅक आय-टू-एसवर असेल, तर धन-ऋण सांगणारा बिटच हरवतो.

प्रश्न : रात्री शेतीपंप सुरू झाले की अॅम्प्लिफायर गूं करतो. लाइट जाऊन आली की स्पीकर धाडकन वाजतो. डॅक खराब आहे का?
– एक वाचक, वसमत

उत्तर : नाही, सप्लाय अपुरा आहे. ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि ७८०५ हा ५ व्होल्टचा रेग्युलेटर अशी जोडणी धरू. २३० व्होल्टला कंडेन्सरवर साधारण ११ व्होल्ट शिखर मिळतं. पंपांमुळे लाइन १७० वर उतरली की ते ८ वर येतं. त्यातून पाव अँपिअर ओढलात तर दोन शिखरांच्या मध्ये सुमारे २ व्होल्टची घसरण होऊन खालची बाजू ६ च्या आसपास जाते. ७८०५ ला आत साधारण ७ व्होल्ट लागतात, म्हणून १०० हर्ट्झची गूं थेट आउटपुटवर उतरते. डॅक आपली पूर्ण उंची अॅनालॉग सप्लायवरूनच मोजतो, तेव्हा सप्लाय हलला की आवाजही हलतो.

कंडेन्सर २२०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, १०५ अंशांचा घाला. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद डब्यात ८५ अंशांचे लवकर सुकतात. ७८०५ च्या जागी कमी व्होल्टवरही चालणारा एलएम२९४०, ५ व्होल्टचा, बसवा. पिन त्याच क्रमानं आहेत, मात्र आउटपुटला किमान २२ मायक्रोफॅरड हवाच, नाहीतर तो स्वतःच थरथरतो.

धाडकन वाजण्याचं कारण वेगळं. लाइट आली की ५ व्होल्टच्या आयसीत व्हीकॉम अडीच व्होल्टवर चढतो आणि त्याबरोबर आउटपुटही चढतं. स्पीकर रिलेला २ ते ३ सेकंदांचा उशीर द्या. व्हीकॉमचा १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर सुकला असेल तर तोही बदला, सहाही चॅनेलमधली सूं कमी होईल.

प्रश्न : टीव्हीची ऑप्टिकल वायर डॅक बोर्डाला जोडली, पण दोनच चॅनेल मिळतात.
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : ऑप्टिकलमधून साधा पीसीएम, म्हणजे न दाबलेला डिजिटल आवाज, दोनच चॅनेलचा जातो. ५.१ जातो तो डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये दाबून. तो उलगडायला आधी डीकोडर लागतो, डॅक ते करत नाही. बोर्डावर डीकोडर असेल तर टीव्हीच्या मेनूत ऑडिओ आउटपुट पीसीएमवरून बिटस्ट्रीमवर (दाबलेला आवाज तसाच पाठवण्यावर) न्या. डीकोडर नसताना तसं केलंत तर शांतता किंवा जोराची खरखर मिळेल, म्हणून व्हॉल्यूम आधी खाली घ्या.