घर घेण्याआधी मागच्या बारा एकरांचं बघा

तुम्ही लिहिलंय की ऑस्टिनजवळच्या लिअँडरपाशी एक एकरावरचं घर पसंत पडलंय, मागे कुणाची तरी बारा एकर जागा आहे, आणि "वीकेंडला जरा आवाज येतो" असं एजंट म्हणतो. टेक्ससमध्ये वस्तीत बंदूक झाडायला बंदी नाही का, हा तुमचा प्रश्न. व्हिसा, कर, लायसन्स यांचं सगळीकडे लिहिलेलं आहे, ते सोडतो.

बंदी आहे, पण ती शहराच्या हद्दीपुरती, आणि हद्द पत्त्यावरून कळत नाही. पत्त्यातलं "लिअँडर" हे पोस्टाचं नाव. काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या (करासाठी घरांची किंमत ठरवणारं ऑफिस) साइटवर घर शोधा आणि त्यावर कर लावणाऱ्यांची यादी बघा. त्यात शहराचं नाव असेल तर तुम्ही हद्दीत. नुसती काउंटी, स्कूल डिस्ट्रिक्ट वगैरे दिसलं तर बाहेर, आणि मग फोन शहराच्या पोलिसांना नाही, शेरीफला, म्हणजे काउंटीच्या पोलिसप्रमुखाला.

हद्दीत असलात म्हणून सुटलात असंही नाही. राज्याच्या कायद्यात, लोकल गव्हर्नमेंट कोडच्या कलम २२९.००२ मध्ये, मोठी मेख आहे. १ सप्टेंबर १९८१ नंतर शहरात आलेल्या जागेवर शहर सरसकट बंदी लादू शकत नाही. जागा १० एकर किंवा जास्त, दुसऱ्याचं घर १५० फुटांपलीकडे आणि छर्रे बांधाबाहेर जाण्याची शक्यता नाही, एवढं जमलं की शॉटगन, एअर गन चालते. रायफल-पिस्तुलाला ५० एकर आणि ३०० फूट लागतात. म्हणजे तुमच्या शेजाऱ्याची रायफल शहर रोखू शकतं, शॉटगन नाही. हद्दीबाहेर काउंटीला १० एकरांपर्यंतच्या प्लॉटवर, तेही सबडिव्हिजनमध्येच (प्लॉट पाडून वसवलेली वसाहत), बंदी घालता येते. घालायलाच हवी असं नाही. बारा एकरवाला तिथेही निसटतो. (डॅलसकडच्या काही भागांना वेगळी, जास्त अंतरं लागू आहेत, तिकडचे आकडे इथे लावू नका.)

नेमबाजी करताना जाणूनबुजून झाडलेली गोळी बांधापलीकडे गेली तर क्लास सी, म्हणजे सगळ्यात हलक्या वर्गातला, गुन्हा, दंड ५०० डॉलरपर्यंत. दुसऱ्याच्या अंगणात गोळी टाकायचा हा दर! लाखावर वस्तीच्या शहरात, म्हणजे ऑस्टिन किंवा राउंड रॉकमध्ये, बेपर्वाईने बार काढला तर मात्र एक वर्षापर्यंत कैद आणि ४००० डॉलरपर्यंत दंड.

त्या पत्त्यावरच्या तक्रारींची नोंद शेरीफकडे लेखी मागता येते. उत्तराला कामाचे दहा दिवस लागू शकतात आणि ऑप्शन पिरियड (करारानंतर घर नको म्हणायची मुदत) बहुतेकदा तेवढाही नसतो, म्हणून ऑफर देण्याआधीच अर्ज टाका. शनिवारी दुपारी जाऊन उभे राहा. निशाण्यामागे मातीचा उंच बांध आहे का, आणि नळी कुठल्या दिशेला असते, ते बघा. नुसत्या झाडांच्या रांगेने गोळी अडत नाही.

स्वतःचं म्हणाल तर एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल आणि शिकारीचा चालू परवाना नसेल तर नेमबाजीच्या रेंजवरही भाड्याची बंदूक हातात घेऊ नका, तो फेडरल गुन्हा आहे. टेक्ससचा शिकारीचा परवाना ३१ ऑगस्टला संपतो, हे हमखास विसरतं. बंदुकीच्या गुन्ह्यात शिक्षा लागली तर ग्रीन कार्डवाल्यालाही देशाबाहेर काढू शकतात.

मुलीच्या शाळेचं विचारलंत. शाळा चांगल्या आहेत. पण लॉकडाऊन ड्रिलला, म्हणजे शाळेत बंदूकधारी शिरला तर लपायच्या सरावाला, बालवाडीतल्या पोरांना अंधाऱ्या वर्गात कोपऱ्यात चिडीचूप बसवतात आणि घरी दोन ओळींचा ईमेल येतो, ड्रिल व्यवस्थित पार पडलं. तो राग माझा अजून गेलेला नाही. परसात शॉटगन चालवायचा हक्क तोलून मापून कायद्यात बसवणाऱ्या राज्याला त्या पोरांसाठी एवढंच सुचावं? ३१ डिसेंबरच्या रात्री फटाका कुठला आणि गोळी कुठली हे आता कानाला कळतं, आणि ते कळतं याचं मला बरं वाटत नाही. एकटेपणाचं म्हणाल, तर मराठी मंडळ आहे, गणपती आहे, निभतं.

बाकी घर एक एकराचंच हवं का? राउंड रॉकमध्ये छोट्या प्लॉटवरची, १९८१ आधीच हद्दीत असलेल्या भागातली घरंही बघा. जागा हद्दीत कधी आली ते सिटी सेक्रेटरीकडे विचारता येतं.