फरशीवरचा गादीवाफा: आधी पाण्याची वाट, मग माती

या अंकासाठी इंदूरहून आलेल्या बहुतेक पत्रांत विषय एकच आहे: फरसबंद अंगणात किंवा चौकात उंच वाफा करून भाजी लावणे. तक्रारी वेगवेगळ्या दिसतात, पण निम्म्याहून अधिकांचं मूळ माळव्याच्या काळ्या मातीत आणि पाण्याच्या निचऱ्यात आहे.

प्रश्न: मागच्या चौकात कोटा फरशी आहे. ती न फोडता 8 बाय 3 फुटांचा विटांचा वाफा करायचा आहे. गवंडी म्हणतो, तळाला अर्धा फूट खडी टाका म्हणजे पाणी तुंबणार नाही. उंची किती ठेवू? माती किती लागेल? (वाचिका, लोकमान्यनगर)

खडीचा थर टाकू नका. हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण खडीने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या भरड खडीत सहजासहजी उतरत नाही. खडीवरची माती चिंब झाली की मगच ते सुटतं. म्हणजे चिखलाचा पट्टा तळाऐवजी अर्धा फूट वर, थेट मुळांपाशी येतो. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच उभा करा, पुन्हा पाणी गळू लागेल. ओलं थांबतं ते तळाशीच, म्हणून वरच्या मुळांना हवा हवी असेल तर मातीची खोली जास्त हवी. आतून 18 इंच उंची ठेवा. 9 इंचांत मेथी-पालक निघेल, वांगी-टोमॅटो रडतील.

वाफ्याची लांबी फरशीच्या उताराच्या दिशेने ठेवा. आडवा बांधलात तर पावसात वाफ्यामागे तळं साचेल. घराच्या भिंतीपासून फूटभर जागा सोडा, नाहीतर भिंतीला ओल धरेल. तीन फूट रुंदी चालेल, पण दोन्ही बाजूंनी हात पोचला पाहिजे. एकाच बाजूने पोचत असेल तर दोन फुटांवर थांबा, कारण वाफ्यात पाय ठेवला की माती दबली.

भिंत साडेचार इंची चालेल, पण आठ फुटी बाजूला मधोमध नऊ इंची खांब घ्यायला सांगा. काळी माती भिजली की फुगते आणि सरळ भिंतीला बाहेर ढकलते. जोडकाम 1:6 (सिमेंट एक भाग, वाळू सहा), आतून 1:4 चा गिलावा. सगळ्यात पहिल्या थरात, अगदी फरशीला टेकून, दर दोन फुटांवर एक इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे बसवून घ्या. गवंडी ते हटकून दोन इंच वर बसवतो आणि तेवढं पाणी कायमचं आत राहतं. काम चालू असताना उभं राहून बघा. प्रत्येक नळीच्या आतल्या तोंडाशी नायलॉनची जाळी आणि मूठभर खडी, बस्स. आठवडाभर पाणी मारा, मग वाफा दोन-तीनदा धुऊन काढा. नव्या सिमेंटचा चुना मातीत उतरणं आपल्याला नको आहे.

आता माती. आत 36 घनफूट, म्हणजे हजार लिटरच्या आसपास जागा होते. 14 लिटरचं घमेलं धरलं तर काळी माती 20 घमेली, मुरमाड लाल-पिवळी माती 20, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट 20 आणि भिजवून फुगवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) 10. कोकोपीटची पाच किलोची वीट फुगून साधारण 70 लिटर होते, म्हणजे दोन विटा पुरतात. कोकोपीटमध्ये क्षार असतात, ते दोन पाण्यांनी धुवून घ्या. निंबोळी पेंड अर्धा किलो. थोडी वाळू टाकून काळी माती मोकळी होईल ही समजूत सोडा. चिकण मातीत थोडीथोडकी वाळू मिसळली की ती विटेसारखी घट्ट बसते. तिला मोकळं करतं ते कंपोस्ट.

काठापासून दोन इंच जागा सोडा. पहिल्या वर्षात माती तीन-चार इंच खाली बसेल, त्यात बिघडलं काही नाही. दर ऑक्टोबरला वरून दोन इंच कंपोस्ट पसरा, आठ घमेली लागतात. सगळा वाफा उलथा-पालथा करायची गरज नाही.

प्रश्न: दोन वर्षांपूर्वी शेतातली काळी माती भरली. उन्हाळ्यात पाणी घातलं की नळ्यांतून लगेच बाहेर येतं, तरी झाडं माना टाकतात. पावसाळ्यात उलट, चार-चार दिवस चिखल. (वाचक, सुदामानगर)

दोन्ही दुखणी एकाच मातीची. दुपारी वाफ्याच्या कडेला बघा, भिंत आणि माती यांच्यात बोटभर फट दिसेल. काळी माती वाळली की आक्रसते आणि भिंतीपासून सुटते. तुमचं पाणी त्या फटीतून सरळ फरशीवर जातं, मधला गोळा कोरडाच राहतो. लांब स्क्रू-ड्रायव्हर मधोमध खुपसा; चार इंचांवर अडला तर आत पाणी पोचलेलं नाही.

आत्तापुरतं: फटीत चाळलेलं कंपोस्ट काठीने ठासा. पाणी एकदम न घालता झारीने थोडं घाला, अर्ध्या तासाने उरलेलं. वर दोन इंच वाळका पाला किंवा गव्हाचं काड पसरा, आच्छादन असेल तर फट कमी पडते. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की 24 चौरस फुटांच्या वाफ्याला रोज 15 ते 20 लिटर पाणी लागतं. नळाला पाणी एक दिवसाआड येत असेल तर तेवढं भरून ठेवायची सोय हवी. पश्चिमेची भिंत तापत असेल तर 50 टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी लावा, पण सात फूट उंचीवर. झाडांच्या डोक्याला टेकलेली जाळी आत भट्टी करते.

कायमचा उपाय हिवाळी भाजी निघाल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये. निम्मी माती काढा आणि तिच्या जागी मुरमाड माती व कंपोस्ट समसमान मिसळून भरा. ओल्या काळ्या मातीला हात लावू नका, ढेकळं होतील आणि वर्षभर फुटणार नाहीत.

प्रश्न: मिरची आणि मोगऱ्याची पानं पिवळी पडतात. कोणी चुना घाला म्हणतं, कोणी राख. (वाचिका, टिळकनगर)

दोन्ही घालू नका. आपली माती मुळातच चुनखडीची, त्यात बोअरचं जड पाणी. राखेने दुखणं वाढेल. आधी पान नीट बघा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. मातीत लोह असतंच, पण चुनखडीमुळे झाडाला घेता येत नाही, म्हणून हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकूनही वाया जातं. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस आणि 1 ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. फरशीवर थेंब पडू देऊ नका, तपकिरी डाग जात नाहीत. खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर मात्र ती नत्राची भूक आहे. तिला कंपोस्ट द्या.

प्रश्न: रोपं एका रात्रीत कोलमडतात, उपटली तर मुळंच नाहीत. मातीत पांढऱ्या जाड अळ्या सापडल्या. (वाचक, रामबाग)

हुमणी, म्हणजे भुंगेऱ्याची अळी. बहुधा अर्धवट कुजलेल्या शेणखतातून आली. पहिल्या पावसात भुंगेरे बाहेर पडतात आणि कच्च्या शेणात अंडी घालायला त्यांना आवडतं. वरची सहा इंच माती उकरा, अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका आणि अळ्या मारणाऱ्या मेटारायझियम बुरशीची पावडर ओलसर कंपोस्टमध्ये कालवून मातीत मिसळा. पुढच्या वेळी खत घेताना मूठभर ओलं करून प्लास्टिकच्या पिशवीत तीन दिवस बांधून ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसासारखा वास आला तर घ्या, दुर्गंधी आली तर परत करा.

प्रश्न: वाफ्यात गराडू (तळून खायचा वेलाचा कंद) येईल का? (वाचक, इंदूर)

येईल, पण जागेचा हिशोब करा. डोळा असलेला 100-150 ग्रॅमचा तुकडा मे-जूनमध्ये लावायचा आणि वेल वाळल्यावर थंडीत काढायचा. सात-आठ महिने तो कोपरा अडतो. वेलाला मांडव हवा. 18 इंचांवर फरशी लागली की कंद वेडावाकडा होतो, तळायला काही अडत नाही म्हणा. काढताना कुदळ नको, हातानेच माती बाजूला करा. कंदाला जखम झाली की तो सडतो.

प्रश्न: हाच वाफा गच्चीवर बांधला तर? (वाचिका, इंदूर)

बांधू नका. भिजलेली 18 इंच माती चौरस मीटरला 600 ते 700 किलो भरते आणि घराच्या गच्चीचा वापराचा भार साधारण 150 किलो धरलेला असतो. गच्चीवर हलक्या मिश्रणाच्या पिशव्या घ्या आणि त्या कडेला, तुळईच्या रेषेत ठेवा. त्याहून मोठं काही हवं असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.