वाळूवरच्या गोळ्या कुणाच्या?

प्रश्न : ओहोटीला ओल्या वाळूवर मोहरीपासून वाटाण्याएवढ्या असंख्य गोळ्या दिसतात. मधे बारीक भोक, भोवती गोळ्यांच्या ओळी. ही कुणाची विष्ठा? मुलीने तिथलाच एक इवला खेकडा समुद्राच्या पाण्यासकट बाटलीत आणलाय. पाळता येईल का?

उत्तर : विष्ठा नव्हे, फार तर उष्टं म्हणा. हिंदी आणि पश्चिम प्रशांत महासागरांच्या किनाऱ्यांवर हा उद्योग डोटिला आणि स्कोपिमेरा हे खेकडे करतात. पाठ जेमतेम सेंटिमीटरभर.

पाणी हटलं की खेकडा बिळाबाहेर येतो आणि नांग्यांनी वरवरची वाळू खरवडून तोंडात कोंबतो. वाळू पचत नाही. त्याला हवे असतात कणांना चिकटलेले डायटम (सूक्ष्म शैवाल), जिवाणू आणि कुजका गाळ. तोंडात तो पाणी खेळवतो. हलका माल वर तरंगतो, तो गिळायचा. जड वाळू खाली बसते, तिची गोळी तोंडापाशी फुगत जाते आणि पुरेशी झाली की नांगीने तोडून मागे सारायची. चाळलेली वाळू अशी वेगळी बांधली गेल्याने तीच पुन्हा तोंडात येत नाही. बिळाकडे परतायची वाट मात्र तो मोकळी ठेवतो. तुम्हाला दिसल्या त्या ओळी याच वाटांच्या कडेच्या. भरती आली की सगळं पुसलं जातं.

बिळाशेजारी ओबडधोबड, मोठाले गोळे असतील तर ती खणून काढलेली माती, जेवणाशी तिचा संबंध नाही. वाळूची शेवयांसारखी वेटोळी दिसली, तर ती लगवर्म या वाळूत राहणाऱ्या किड्याची. ती मात्र खरोखर विष्ठा!

मला या खेकड्यांचे पायच जास्त आवडतात. पायांवर पातळ पडद्यांच्या खिडक्या असतात. लोक त्यांना कान समजत. १९८६ साली मेटलंड या संशोधकाने दाखवलं, की त्यांतून खेकडा हवेतला प्राणवायू घेतो.

म्हणून बाटली नको. पाण्याने भरलेल्या बाटलीत त्याला ना चाळायला वाळू, ना या खिडक्यांना हवा. घरी वाळूचा ट्रे करून पाळू म्हणाल, तर वाळूवरचं अन्न लवकर संपतं आणि ते भरून काढणारी भरती घरी येत नाही. ओहोटी असतानाच जिथून उचलला तिथल्या ओल्या वाळूवर सोडा. मग चार पावलं मागे सरून गप्प बसा, तो लगेच खणायला लागेल. मुलीला हे बघू द्या, पण हलू देऊ नका. हालचाल दिसली की आजूबाजूचे सगळे खेकडे बिळात गडप होतात.