घराला डक्टचा एकच एसी, की खोलीखोलीत वेगळे?

प्रश्न : गुहागरला समुद्रापासून तीनशे मीटरवर जांभ्याचं दुमजली घर बांधतोय. खाली हॉल आणि दोन खोल्या, वर दोन खोल्या, त्यावर गच्ची. एरवी आम्ही दोघंच असतो, गणपतीला आणि मे महिन्यात घर भरतं. अमेरिकेतला मुलगा म्हणतो, ‘डक्टलेस हीट पंप’ लावा. इंटिरियरवाले म्हणतात, डक्ट टाकून एकच सेंट्रल एसी करा, भिंती मोकळ्या राहतील. कोणाचं ऐकावं?

उत्तर : मुलाचं ऐका, पण एक दुरुस्ती करून. तो ज्याला डक्टलेस हीट पंप म्हणतो तो आपला स्प्लिट एसीच. त्यात एक जादा झडप असते. ती गॅसचा प्रवाह उलटा फिरवते आणि तेच यंत्र बाहेरची उष्णता आत आणून खोली गरम करतं. आपल्याकडे ते ‘हॉट अँड कोल्ड’ नावाने मिळतं. किनाऱ्यावर पौषातल्या पहाटेही हीटर लागत नाही, त्यामुळे त्या झडपेसाठी जादा पैसे मोजू नका.

डक्ट, म्हणजे सीलिंगवरून खोल्याखोल्यांत गार हवा नेणारा बोगदा, मात्र तुमच्या घराला नकोच. कारण इथला दमटपणा. डक्टमधली हवा तेरा-चौदा अंशांची असते. जूनमध्ये बाहेर २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असली की दवबिंदू २५ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे त्याहून गार असलेल्या प्रत्येक पृष्ठभागाला पाणी सुटणार. फॉल्स सीलिंगच्या वरच्या पोकळीत बाहेरची हवा झिरपत येतेच. डक्टवर गुंडाळलेल्या इन्सुलेशनच्या रबराचा एखादा सांधा उघडा राहिला, एखाद्या क्लॅम्पखाली रबर दबलं, की तिथून थेंब सुरू होतात. जिप्समवर आधी पिवळट डाग येतो, मग काळी बुरशी. हे टाळता येतं, पण त्यासाठी २५ मिमी जाडीचं नायट्राइल रबर आणि प्रत्येक सांध्यावर चिकाटीने केलेलं काम लागतं. सीलिंग बंद झाल्यावर ते तपासायची सोय राहत नाही.

दुसरं कारण तुमची राहणी. पाच जागांसाठी साधारण सहा टनांचं मशीन लागेल आणि वर्षाचे दहा महिने त्याखाली दोन माणसं झोपणार. बाकीच्या खोल्यांचे डॅम्पर (डक्टमधली हवा अडवणाऱ्या झडपा) बंद केले तर डक्टमधला दाब वाढतो, आवाज येतो, आणि कॉइलवरून (हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या जाळीवरून) पुरेशी हवा न गेल्याने त्यावर बर्फ धरतो. शिवाय ऐन गणपतीत मशीन बंद पडलं तर सगळं घर उकडणार.

म्हणून १० बाय १२ फुटांच्या खालच्या खोल्यांना एकेक टन आणि गच्चीखालच्या खोल्यांना दीड टन, सगळे इन्व्हर्टर घ्या. ‘असू दे जरा मोठा’ म्हणून दोन टनी घेऊ नका. मोठं मशीन झटकन खोली गार करतं आणि हवेतलं पाणी ओढायच्या आत मंदावतं. मग अंगाला गारवा लागतो, पण चादर दमट आणि चिकट राहते. स्टार लेबलवरचे वार्षिक युनिट १,६०० तासांच्या वापराचे असतात. तुम्ही चार महिने रोज आठ तास एसी लावलात तर साधारण ९६० तास होतात. त्यामुळे लेबलवरच्या आकड्याच्या साठ टक्के धरून बिलाचा अंदाज बांधा.

सुरुवातीला तुमची झोपायची खोली आणि वरची एक एवढ्याच खोल्यांत मशीन बसवा. पाइप आणि ड्रेन मात्र गिलाव्याआधी सगळ्या खोल्यांत टाकून ठेवा. एक टनाला बहुतेक मशीनमध्ये पाव आणि तीन-अष्टमांश इंचाचे तांब्याचे पाइप लागतात, दीड टनाला पाव आणि अर्धा इंच. दोन्ही पाइपांना वेगवेगळं इन्सुलेशन हवं, एकत्र गुंडाळलेलं चालत नाही. पडून राहणाऱ्या पाइपांत नायट्रोजन भरून टोकं ब्रेझिंगने (धातू वितळवून जोडून) बंद करून घ्या. नाहीतर दोन पावसाळ्यांत आत दमट हवा बसते. ड्रेन एक इंची पीव्हीसी, मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार. गिलाव्याआधी बाटलीभर पाणी ओता आणि दुसऱ्या टोकाला सगळं येतं का ते उभं राहून बघा. जांभा पाणी पितो, म्हणून भिंतीतल्या छिद्रात पीव्हीसी नळी बसवा आणि छिद्र बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवा.

मशीन जोडताना पाइपांतली हवा आणि ओल ओढून काढायला व्हॅक्यूम पंप लावायलाच सांगा, गेजवर ५०० मायक्रॉनपर्यंत (हे निर्वाताचं माप). काही फिटर थोडा गॅस सोडून हवा ‘ढकलतात’. आत राहिलेली ओल कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळून आम्ल तयार होतं आणि ते कॉम्प्रेसर खातं.

प्रश्न : मालवणला बंदराजवळ घर आहे. एसीचं बाहेरचं युनिट तिसऱ्याच वर्षी सडलं. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो. कोणत्या कंपनीचा घ्यावा?

उत्तर : कंपनीपेक्षा जागा बघा. आणि गॅस पेट्रोलसारखा संपत नसतो. दरवर्षी भरावा लागतो याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. नायट्रोजन साधारण ४०० पीएसआय दाबाने भरून सांध्यांना साबणाचा फेस लावायला सांगा. गळती सापडल्याशिवाय नव्या गॅसचे पैसे देऊ नका.

गळती बहुधा कॉइलमध्येच निघेल. पाइप तांब्याचा आणि त्यावरची पानं ॲल्युमिनियमची. दोघांच्या मध्ये खारं पाणी बसलं की ॲल्युमिनियम झिजू लागतं. आधी पांढरी पूड दिसते, मग पान चिमटीत धरलं तर पापडासारखं चुरतं. निळ्या किंवा सोनेरी लेपाची कॉइल जास्त टिकते, पण लेपाला ओरखडा पडला की गंज तिथूनच शिरतो.

नवं युनिट दर्याकडच्या भिंतीवर लावू नका, मागच्या अंगाला लावा, जिथे हात आणि नळी सहज पोचेल. छज्जाखालच्या युनिटवर पाऊस पडत नाही, त्यामुळे मीठ धुतलं न जाता साचत जातं. ऑक्टोबर ते मे दर पंधरवड्याला एमसीबी (बोर्डावरचा वीज तोडणारा खटका) पाडून साध्या नळाच्या धारेने कॉइल धुवा. प्रेशर जेटने पानं मुडपतात. पाणी गोडं हवं. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं मचूळ पाणी वापरलंत तर मिठावर मीठ चढेल. विजेच्या डब्याच्या बाजूला धार मारू नका. स्टँड हॉट-डिप गॅल्व्हनाइझ्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला) आणि बोल्ट ३१६ स्टेनलेस स्टीलचे घ्या. रंगवलेला स्टँड ओरखड्यापासून गंजतो आणि गंज रंगाखाली पसरत जातो. जांभ्यात प्लॅस्टिकचा प्लग धरत नाही. आरपार बोल्ट किंवा केमिकल अँकर (छिद्रात रेझिनने चिकटवलेला बोल्ट) लागतो.

पावसाळ्यात ताडपत्री गुंडाळायची सवय सोडा, आत वाफ कोंडते. वायर जिथून आत जाते ते भोक मात्र पुटीने बुजवा. पाल आत शिरून सर्किट बोर्डावर चिकटली की बोर्ड जळतो.

प्रश्न : हर्णैला कौलारू घर आहे, सीलिंग नाही. दीड टनाचा एसी रात्रभर चालतो, तरी खोली गार होत नाही.

उत्तर : कौलांच्या फटींतून खोलीची हवा सतत बदलते. दोन टनी लावूनही काही होणार नाही. आधी गळकी कौलं बदला. मग फायबर सिमेंट बोर्डाचं सीलिंग घाला आणि त्यावर ५० मिमी इन्सुलेशन. जिप्सम नको, कौलारूत ते ओल धरतं. सीलिंग आणि कौलं यांच्यातली जागा हवेला मोकळी ठेवा. दारांच्या तळाला ब्रश पट्टी लावा. एवढं झाल्यावर आहे तोच एसी पुरेल.

प्रश्न : पावसाळ्यात एसी बंदच ठेवावा का? सुरू केला की कुबट वास येतो.

उत्तर : बंद ठेवू नका. दोन-तीन दिवसांआड तासभर ‘ड्राय’वर चालवा आणि बंद करण्याआधी पंधरा मिनिटं नुसत्या पंख्यावर ठेवा, म्हणजे कॉइल सुकेल. वास तिच्यावरच्या ओल्या धुळीचा असतो, तेव्हा जाळी दर पंधरवड्याला धुवा. गडगडाट सुरू झाला की रिमोटने बंद करून थांबू नका, एमसीबीही पाडा.